संगणक थबकतो तेव्हा : एसएसडीच्या बिघाडाचे निदान



सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्या वैद्यांच्या टेबलावर संगणक येऊन आता बराच काळ लोटला. नाडी, जिव्हा, अग्नी, कोष्ठ, योजलेले कल्प, पथ्यापथ्य, पुढील भेटीची तारीख, हे सारे पूर्वी जाड वहीत लिहिले जाई; आता ते रुग्णपत्रकाच्या रूपाने पडद्यावर नोंदविले जाते. बनोटी, फर्दापूर, सावळदबारा अशा गावांहून वर्षानुवर्षे येणाऱ्या जीर्णव्याधीच्या रुग्णांची अकरा वर्षांची पत्रके आमच्या एका संगणकात साठलेली आहेत. म्हणूनच गतवर्षीच्या उन्हाळ्यात हा संगणक थबकू लागला, तेव्हा आमच्या तोंडचे पाणी पळाले. त्या अनुभवातून जे हाती आले ते समव्यवसायी बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम लक्षणे सांगतो. रुग्ण समोर बसलेला, आम्ही पत्रक लिहितो आहोत, आणि मध्येच अक्षरे उमटणे थांबे. माऊसचा बाण मात्र हलत राही. संगणकाच्या दर्शनी भागावरील डिस्कचा दिवा लुकलुकण्याऐवजी एकसारखा पेटून राही. अर्धा-एक मिनिट गेले की टंकित केलेले सारे एकदम उमटे. पुढे पुढे संगणक पूर्णच गोठू लागला. बटण दाबून पुन्हा सुरू केल्यास ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. परंतु वीज पूर्ण बंद करून काही वेळाने चालू केली की डिस्क पुन्हा सापडे.

ही लक्षणे बोलकी आहेत. बाण हलतो याचा अर्थ मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जागा आहे; तो कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत आहे. बाणासकट सारे क्षणात गोठत असेल तर रॅम, अतिउष्णता किंवा वीजपुरवठा यांचा संशय आधी घ्यावा. आमच्या संगणकात उत्तर न देणारी होती ती एसएसडी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क बिघडू लागली की पुष्कळदा खटखट आवाज करून पूर्वसूचना देई. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ती मूक असते. थबकणे हेच तिचे पूर्वरूप मानावे.

संप्राप्ती थोडक्यात अशी. एसएसडीत फ्लॅश स्मृतीच्या चकत्या असतात आणि त्यांचा कारभार पाहणारा नियंत्रक असतो. (फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली मांडली.) या स्मृतीत लिहिलेल्या जागेवर परत लिहिता येत नाही, आधी तो संपूर्ण कप्पा पुसावा लागतो. औषधिकोठारातील खणात एक पुडी बदलण्यासाठी सारा खण रिकामा करावा, तसा हा प्रकार. मोकळे खण पुष्कळ असतील तर काम सुरळीत चालते. एसएसडी गच्च भरली की नियंत्रकाची सारी शक्ती आतल्या आवराआवरीत खर्च होते आणि संगणक ताटकळतो. आमच्या एसएसडीत जेमतेम पाच टक्के जागा उरली होती. हा दोष सर्वस्वी आमचाच.

आता मुख्य प्रसंग. गावातील एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणास बोलाविले. त्याने पाच मिनिटांत निर्णय दिला : ‘विंडोज बिघडले आहे, फॉरमॅट मारून देतो.’ आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. परंतु हेतू न शोधता शोधन करावयाचे हे मनाला पटेना, म्हणून एक दिवसाची मुदत मागितली. ती मागितली नसती तर अकरा वर्षांची पत्रके गेली असती. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेली माहिती बहुधा परत काढता येई. एसएसडीत मात्र ‘ट्रिम’ नावाची आज्ञा असते. काय पुसले गेले हे ती नियंत्रकास कळविते आणि नियंत्रक ते कप्पे रिकामे करून टाकतो. मग सहसा कोणाही तज्ज्ञाच्या हाती काही लागत नाही.

म्हणून त्या रात्री पहिले काम केले ते प्रत काढण्याचे. बाहेरून हार्ड डिस्क जोडली आणि सर्वांत मोलाचे ते सर्वांत आधी, या क्रमाने रुग्णपत्रके, नंतर त्वग्विकारांची छायाचित्रे, शेवटी हिशेब, असे उतरविले. एकदम सारे उचलले नाही. थोडे थोडे उचलले. मध्ये तीनदा संगणक गोठला. प्रत्येक वेळी वीज बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबलो. पहाटेपर्यंत सारे उतरले. प्रत हाती येण्यापूर्वी डिस्कतपासणीचे दीर्घ कार्यक्रम चालवू नयेत. दुर्बल रुग्णास तीक्ष्ण विरेचन द्यावे तसे ते होते. डीफ्रॅगमेंट तर एसएसडीवर कधीच करू नये, त्याने लाभ शून्य आणि झीज मात्र होते.

दुसऱ्या दिवशी निवांतपणे परीक्षा केली. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही संगणकाची स्वतःची नोंदवही आहे. तेथे ‘सिस्टिम’ या विभागात १२९ क्रमांकाची नोंद वारंवार आढळली. डिस्कने मुदतीत उत्तर दिले नाही, म्हणून तिला नव्याने हाक मारावी लागली, असा तिचा अर्थ. ७ क्रमांकाची, म्हणजे खराब जागेची, नोंद एकही नव्हती. हे सुचिन्ह होते. त्यानंतर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या विनामूल्य कार्यक्रमाने एसएसडीचे ‘स्मार्ट’ अंक पाहिले. बदललेल्या खराब जागांचा अंक शून्य होता, परंतु ‘सीआरसी’ चुकांचा अंक बराच मोठा होता आणि संध्याकाळपर्यंत तो आणखी वाढला. हा अंक कधी उतरत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे की नाही हे पाहावे. तो वाढतो याचा अर्थ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत माहिती बिघडते आहे. विकार कोष्ठात नसून स्रोतसात होता!

अल्प किमतीची एक साटा केबल बदलली. अंक वाढायचा थांबला. फॉरमॅट केले असते तर पत्रके गेली असती आणि सदोष केबल तशीच राहिली असती.

तथापि थबकणे पूर्ण गेले नाही. दिवसातून एखादे वेळी होतच राहिले. येथे उपशयाचा आधार घेतला. एका वेळी एकच बदल करावयाचा आणि दोन दिवस पाहावयाचे. एक चतुर्थांश जागा मोकळी केली, थोडा फरक पडला. मग ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडले, आणि थबकणे बंद झाले. वीज वाचविण्यासाठी संगणक डिस्कची जोडणी अधूनमधून निद्रिस्त करतो. काही एसएसडी त्या निद्रेतून वेळेवर जाग्या होत नाहीत. आमची त्यांतलीच एक. यास आम्ही याप्य समजतो : पथ्य आहे तोवर स्वास्थ्य.

कधी कधी मूळ दोष नियंत्रकाच्या अंगभूत आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये असतो. क्रूशल कंपनीच्या एम-४ या एसएसडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकूण ५,१८४ तास चालल्यावर ती संगणक गोठवी, आणि पुन्हा सुरू केल्यास तासाभराने पुन्हा गोठवी. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले आणि व्याधी गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही सर्व्हरमधील एसएसडींबाबत याहून गंभीर इशारा दिला : ३२,७६८ तास भरताच त्या कायमच्या बंद पडतील, आतील माहितीसकट. ठरावीक वेळानेच थबकण्याचा प्रकार दिसल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर फर्मवेअर पाहावे. पण तेही प्रत काढल्यानंतरच.

खराब जागांचा अंक वाढत असेल, डिस्क केवळ वाचू देते आणि लिहू देत नाही अशी अवस्था असेल, किंवा थंड करूनही ती दिसत नसेल, तर असाध्य समजून नवी घ्यावी. हमीच्या मुदतीत जुनी परत देताना त्यात रुग्णांची गुप्त माहिती आहे याचे भान असावे. कंपनी डिस्क बदलून देते, माहिती नव्हे.

आमच्या भागातील वीज आणि ऊन हे दोन हेतू राहिले. लिहिणे चालू असता वीज गेल्यास स्वस्त एसएसडीतील जागांचा नकाशा विस्कटू शकतो. यूपीएसची बॅटरी मेलेली असूनही आम्ही तो मिरवीत होतो, ती बदलली. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतील संगणकाचे झाकण उघडून धूळ काढली. प्रत ठेवण्यासाठी मात्र एसएसडी वापरली नाही. झिजलेली एसएसडी विजेविना ३० अंश सेल्सिअसला वर्षभर माहिती टिकवील, एवढीच सामान्य वापराच्या एसएसडीकडून मानकाची अपेक्षा असते, आणि आमच्या कपाटात वैशाखात पारा त्याहून पुष्कळ वर असतो. दर शनिवारी दवाखाना बंद करताना दोन हार्ड डिस्कवर आळीपाळीने प्रत निघते. एक येथे राहते, दुसरी घरी नेतो.