पिकअपचे दणके : दोष पाट्यांचा की देखभालीचा?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके वसले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. पश्चिमेस बोर्डी-घोलवडची किनारपट्टी व चिकूच्या वाड्या, मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि पूर्वेस कासा, सायवन, उधवा या बाजूचा आदिवासी पाड्यांचा चढउताराचा मुलूख, अशी या भागाची रचना आहे. डांबरी सडक संपली की मुरमाचा रस्ता लागतो आणि त्यापुढे ओहोळ ओलांडून जाणारी गाडीवाट. अशा मुलखात मालाच्या ने-आणीचा मोठा भार पिकअप गाड्यांवर पडतो. चिकूचे क्रेट, भाताची पोती, बर्फातील मासळी, सिमेंट आणि खते हा सर्व माल याच गाड्यांतून जातो.

या गाड्यांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : "गाडी मागून फार कडक झाली आहे." हा केवळ चालकाच्या कंबरेचा प्रश्न नव्हे. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पण वाडीतून निघालेले फळ वाटेतच दणके खाऊन मऊ पडले, तर त्या लौकिकाचा शेतकऱ्याला काय लाभ? शिवाय कडक झालेल्या गाडीची मागील चाके खडबडीत रस्त्यावर क्षणभर जमीन सोडतात. जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेकचा उपयोग होत नाही.

तक्रार उद्भवली की बहुधा दोन उपाय केले जातात. एक तर नवे शॉकअब्सॉर्बर बसविले जातात किंवा पाटे "मजबूत" करून घेतले जातात. निदान न करता केलेल्या पहिल्या उपायात पैसा वाया जाण्याचा संभव असतो. दुसऱ्याने दुखणे वाढते. यास्तव निदानाची पद्धतशीर रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ रचना

बहुतेक पिकअप गाड्यांचा मागील भाग एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर तोललेला असतो. पाट्यांचे एक टोक चासीला पक्के जोडलेले असते, तर दुसरे टोक शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला. भार आला की कमानदार पाटा सपाट होऊन लांबतो आणि ही वाढलेली लांबी सामावून घेण्यासाठी शॅकल झुकतो. ॲक्सल व चासी यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. पाटे मर्यादेबाहेर दबले तर लोखंडावर लोखंड आदळू नये, हे त्याचे काम. शॉकअब्सॉर्बर भार पेलत नाही. तो फक्त हेलकावे आवरतो.

पाटे भरलेल्या गाडीसाठी घडविलेले असतात. त्यामुळे रिकामी पिकअप काहीशी कडक असणे हा दोष नसून तिचा स्वभाव आहे. हे आकड्यांत मांडता येते. पाटे भाराखाली सुमारे ६ सेंटीमीटर दबलेले असतील तर गाडीचा मागील भाग सेकंदाला सुमारे २ हेलकावे घेतो. २४ सेंटीमीटर दबलेले असतील तर १. दबणे जितके कमी, तितके हेलकावे जलद आणि दणका तीव्र.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : गाडी केवळ रिकामी असतानाच कडक लागते की भरलेली असतानाही? भार घेतल्यावर ती मऊ होत असेल, तर चिंतेचे कारण सहसा नसते. भरलेल्या गाडीतही दणके बसत असतील किंवा पूर्वी बरी चालणारी गाडी अलीकडे बिघडली असेल, तर मात्र दोष शोधला पाहिजे.

स्वस्त तपासणी आधी

आरंभ टायरपासून करावा, कारण त्यास खर्च नाही. गाडी थंड असताना हवेचा दाब मोजून तो गाडीवरील पट्टीशी अथवा पुस्तिकेशी ताडून पाहावा. पूर्ण भारासाठी भरलेली हवा रिकाम्या फेरीतही तशीच राहिली, तर टायर दगडासारखा वागतो. जास्त थरांचे जाड टायर बसविले असल्यास त्यांच्या ताठ भिंतींमुळेही दणका वाढतो.

दुसरी तपासणी पाट्यांच्या संख्येची व जाडीची. पाट्यांचा ताठपणा संख्येच्या प्रमाणात वाढतो. जाडीच्या बाबतीत मात्र तो घनाच्या प्रमाणात वाढतो. समान पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर ताठपणा सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढेल. पण ८ मिलिमीटरच्या पाट्यांऐवजी १० मिलिमीटरचे बसविले, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. डोळ्यांना क्षुल्लक वाटणारा २ मिलिमीटरचा फरक पाठीला किती जाणवतो, हे यावरून ध्यानात येईल.

गंज आणि घर्षण

पाट्यांची संख्या मूळचीच असूनही गाडी कडक झाली असेल, तर गंजाचा संशय घ्यावा. किनाऱ्यावरील खारी हवा, मासळीच्या बर्फाचे हौद्यातून ठिबकणारे खारट पाणी आणि पावसाळ्यातील चिखल यांमुळे पाट्यांच्या मध्ये गंज धरतो. मग पाटे एकमेकांवर सरकण्याऐवजी एकजीव झाल्यासारखे वागतात व लहान खड्ड्यांचा धक्का थेट हौद्यापर्यंत पोहोचतो.

याची एक सोपी कसोटी आहे. सपाट जागी गाडी उभी करून मागील भाग दोघातिघांनी खाली दाबावा व हळूच सोडावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. नंतर तोच भाग वर उचलून हळूच सोडावा व पुन्हा मोजावे. दोन उंचींत जितके अंतर, तितके घर्षण अधिक. अंतर मोठे असल्यास पाटे उतरवून, तारेच्या ब्रशाने घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून व मधल्या पट्ट्या झिजल्या असल्यास बदलून पुन्हा जोडावेत. पाट्यांवर वापरलेले काळे ऑइल ओतण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. त्यावर धूळ बसते आणि त्याने रबरी बुश फुगून खराब होतात.

शॅकल व बुश

शॅकलच्या पिनेला ग्रीसचे निप्पल असेल, तर ते नियमित भरले जाते की नाही हे पाहावे. पिन अडकली की पाट्याला लांबायला वाव राहत नाही. गाडी उंच करण्यासाठी अधिक कमानीचे पाटे बसविले असल्यास शॅकलचा कोन बदलतो; तो चासीला टेकत असेल तर पाटे कितीही चांगले असोत, दणका बसणारच.

बुश बदलताना एक चूक वारंवार होते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले जातात. त्यामुळे गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते. ते ताठरही होते आणि लवकर फाटतेही. बोल्टांची अखेरची आवळणी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच करावी.

मऊ पाट्यांचा कडक दणका

सर्वांत फसवे दुखणे वेगळेच आहे. जुने, थकलेले पाटे बसतात व ॲक्सल रबरी ठोकळ्याच्या अगदी जवळ येतो. मग प्रत्येक खड्ड्यात तो ठोकळ्यावर आदळतो. चालकाला वाटते की पाटे कडक झाले; प्रत्यक्षात ते नको तितके मऊ झालेले असतात. ठोकळ्यावर ताजे चकचकीत व्रण दिसले की हेच कारण समजावे. येथे उपाय म्हणजे मूळ मापाचे नवे पाटे आणि त्यांसोबत नवे यू-बोल्ट.

शॉकअब्सॉर्बरची पाळी यानंतर येते. त्याचे खालचे टोक सोडवून दांडा हाताने आतबाहेर करून पाहावा. तो संथ व एकसारखा हलला पाहिजे. अडकत असेल, वाकला असेल किंवा तेल गळत असेल तर जोडीने बदलावा. दांडा पूर्ण आत जाण्याइतकी जागाच उरत नसेल, तर मापच चुकीचे आहे असे समजावे.

कायदा आणि हित

पाटे वाढविण्यामागे बहुधा जादा माल भरण्याचा हेतू असतो. परंतु पाटे वाढविल्याने ब्रेक, टायर, ॲक्सल व चासी यांची क्षमता वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणीकृत मर्यादेपेक्षा अधिक भार वाहण्यास मनाई आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार कलम १९४ खाली त्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल उतरविण्याचा खर्च वेगळा. पिकअपचा हौदा माणसांसाठी नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. मजुरांना त्यात उभे करून नेताना बसणारा प्रत्येक दणका अपघाताला निमंत्रण ठरू शकतो.

पंचायतींनी व कार्यालयांनी आपल्या ताब्यातील गाड्यांसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. टायरचा दाब, दोन्ही बाजूंची उंची, पाट्यांची संख्या आणि ग्रीस केल्याची तारीख एवढ्या चारच नोंदी पुरेशा आहेत. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्या ताडून पाहिल्या, तर दोष कोठे आहे हे गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच कळू शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनाही वरील कसोट्या विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येतील, कारण त्यांस मोजपट्टी आणि हवा मोजण्याचे मापक याहून अधिक साधन लागत नाही.