झोपाळ्याचा मूळ रंग

"याचा रंग जाऊ देऊ नकोस," एवढेच सांगून दादांनी झोपाळा माझ्या स्वाधीन केला. ग्वाल्हेरचे आमचे वडिलोपार्जित घर विकले गेले, भांडीकुंडी वाटली गेली, आणि आजोबांनी करवून घेतलेली अखंड सागवानी फळी भोपाळला माझ्याकडे आली. फळीच्या उजव्या कडेला सात-आठ बारीक घाव आहेत. आजी तेथे बसून सुपारी कातरीत असे आणि अडकित्ता टेकवण्याची तिची जागा ठरलेली होती.

पत्नीच्या नोकरीमुळे आम्हांस चार इमलीत सरकारी घर मिळाले आहे. नावातच चार चिंचा असलेल्या या वसाहतीत सावलीची वाण नाही. परंतु आमचा मागचा ओटा नेमका पश्चिमाभिमुख आणि उघडा. लोखंडी चौकट उभारून झोपाळा तेथेच टांगला. ग्वाल्हेरच्या ओसरीत दोन पिढ्या मधासारखा दिसणारा तो साग येथे एक उन्हाळा आणि एक पावसाळा होताच चुलीतल्या राखेसारखा झाला. घाबरून मी त्यावर चकचकीत पारदर्शक व्हार्निश चढविले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सापाच्या कातेसारखे सुटू लागले. दिवाळीला दादा येणार होते.

सुताराला बोलाविले. त्याने विजेवर चालणारा रंधा पिशवीतून काढला आणि म्हणाला, "मास्साब, दो सूत छील देते हैं, नया निकल आएगा." दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच, पण आजीचे घाव तेवढेही खोल नव्हते. मी त्याला चहा पाजून परत पाठविले आणि मग या विषयाचा थोडा अभ्यास केला. अनेक वाचकांच्या घरी असा एखादा झोपाळा, दार किंवा बाक असेल, म्हणून तो येथे मांडतो.

लाकडाचे तंतू एकमेकांस चिकटवून ठेवणारा जो पदार्थ असतो त्याला लिग्निन म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्रथम त्यालाच फोडतात. पावसाचे पाणी तो फुटलेला अंश आणि लाकडातील रंगद्रव्ये धुऊन नेते. मागे उरतात ते फिकट तंतू. त्यांवर बारीक बुरशी धरली की करडा रंग पक्का होतो. मात्र हा सारा व्यवहार वरवरचा असतो. करडा थर मिलिमीटरच्या अंशाएवढाच जाड असून त्याखाली साग जसाच्या तसा असतो. म्हणजे रंध्याची गरज मुळात नव्हतीच!

माझे व्हार्निश का सुटले, तेही यातच आले. पारदर्शक लेपातून ऊन आरपार जाते. लेप शाबूत दिसतो. परंतु तो ज्या पृष्ठभागाला धरून असतो तोच खालून कुजका होतो. सागाच्या अंगचे तेलही लेपाला नीट धरू देत नाही. बाजारात लाकूड 'आहे तसे' दिसावे म्हणून आपण स्वच्छ लेप मागतो, आणि उघड्यावर नेमका तोच सर्वांत कमी टिकतो. किरण अडवायचे तर लेपात थोडा रंग हवाच. गेरूसारखे लोहयुक्त खनिज रंग हे काम उत्तम करतात.

आपल्या पूर्वजांनी तेलापेक्षा पागोळीवर अधिक भरवसा ठेवला. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील सागवानी खांब दोन शतकांनंतरही पाहावेत. ते चौकाच्या कडेने, छपराखाली उभे आहेत. येथल्या मोठ्या तलावाकाठी कुदसिया बेगमेने १८२० मध्ये बांधविलेल्या गोहर महालातही लाकूडकाम आहे. ऊन आणि पाऊस दारातच अडविणे हा खरा पहिला उपाय होय. जेथे तो शक्य नव्हता, तेथे लोकांनी करडेपणा मान्य केला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. जुन्या नाविकांनी सागाच्या डेकला व्हार्निश लावण्याचा खटाटोप केला नाही. दगडाने घासून आणि खाऱ्या पाण्याने धुऊन ते डेक रुपेरी करडे ठेवीत. दादा नाविक असते तर माझे काम सोपे झाले असते.

प्रथम ओट्यावर बांबूची चटई लावून पश्चिमेचे ऊन तोडले. सुटलेले व्हार्निश हाताने, बारीक काचकागदाने, रेषांच्या दिशेने उतरविले. घावांच्या जागी फक्त कापड वापरले. मध्यंतरी मी तुटलेल्या पितळी कड्यांच्या जागी लोखंडी आकडे बसविले होते. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने तेथे काळीनिळी वर्तुळे उमटली होती. ती ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने गेली. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर फळी भरपूर पाण्याने धुवावी. कड्या पुन्हा पितळेच्या केल्या.

फळी सावलीत आठवडाभर वाळविली. मग उकळलेल्या जवसाच्या तेलात चिमूटभर गेरू कालवून पातळ हात दिला, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून घेतले आणि दोन दिवसांनी पुन्हा तसेच केले. खालची बाजू आणि दोन्ही टोके विसरू नयेत. पाणी टोकांतूनच अधिक शिरते. तेल जाड राहिले तर चिकट होते आणि त्यावर बुरशी वाढते. आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसराव्यात. हा तेलाचा हात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावा लागतो. एकदा लावून मोकळे होण्याची सोय यात नाही.

वसुबारसेला दादा आणि वहिनी आल्या. दादा सामान दारात ठेवून सरळ ओट्यावर गेले आणि उजव्या कडेला बसले. बराच वेळ त्यांचा अंगठा घावांवरून फिरत होता. मग फळीकडे निरखून म्हणाले, "जरा लाल दिसते आहे रे."

गेरू किंचित जास्त झाला होता, हे खरे. येत्या वैशाखात कमी घालीन.