दुकान उघडे, दार बंद : व्यावसायिक संकेतस्थळे आणि दिव्यांग ग्राहक

व्यापाराची पेढी आता केवळ रस्त्याच्या कडेला उरलेली नाही. साड्यांचे दुकान, औषधविक्रेता, प्रवासी संस्था, शिकवणी वर्ग, पतसंस्था अशा लहानमोठ्या व्यवसायांनी आपापली संकेतस्थळे उभारली आहेत. बंगळूर हे शहर तर अशी संकेतस्थळे साऱ्या जगासाठी घडविणारे शहर होय. परंतु दुकान चोवीस तास उघडे असूनही काही ग्राहकांना त्याचे दार सापडत नाही, ही गोष्ट अनेक व्यावसायिकांच्या ध्यानीही येत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहावे. एक दृष्टिहीन गृहस्थ मुलीच्या वाढदिवसासाठी संकेतस्थळावरून पुस्तके मागवू इच्छितात. पुस्तकांची नावे त्यांस ऐकू येतात, किमती कळतात, निवडही होते. अखेरीस पैसे भरण्याचे पान येते. तेथे कार्डाच्या क्रमांकाचा रकाना कोणता व मुदतीचा कोणता, हे संगणक सांगत नाही. पैसे भरण्याचे बटण म्हणजे नाव नसलेले एक चित्र असते. निरुपायाने ते शेजाऱ्याला बोलावतात, कार्डाचा क्रमांक त्यास वाचावयास देतात आणि भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपीही सांगतात. ओटीपी कोणासही सांगू नये, असे प्रत्येक बँक ग्राहकांस वारंवार बजावीत असते. येथे मात्र संकेतस्थळाच्या सदोष रचनेनेच त्या ग्राहकास तो सांगण्यास भाग पाडले. म्हणून सुगम्यतेचा प्रश्न सोयीपुरता नसून ग्राहकाच्या पैशाच्या सुरक्षिततेचा व त्याच्या स्वावलंबनाचाही आहे.

न पाहता वाचन कसे होते?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नामक प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली मोठ्याने वाचून दाखविते. माऊसऐवजी कळफलकावरील कळा दाबून वापरणारा एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर, एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. ‘जॉज’ ही अशी प्रणाली १९८९ पासून प्रचारात आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या प्रणालीचे काम आरंभिले. ती विनामूल्य असल्याने भारतातही तिचा मोठा प्रसार झाला. आजच्या भ्रमणध्वनी संचांत तर अशी सोय अंगभूतच असते.

हा वाचक पडद्यावरील चित्र पाहत नाही, पानाच्या मागे लिहिलेली संगणकीय रचना वाचतो. तेथे मथळ्याला मथळा म्हटले नसेल, चित्राला वर्णन दिले नसेल, रकान्याला नाव जोडले नसेल, तर डोळ्यांना देखणे वाटणारे पान कानांना मुके ठरते.

बंगळूरचा अनुभव

या शहरात या प्रश्नावर बरेच काम झाले आहे. शांती राघवन आणि दीपेश सुतारिया या दांपत्याने १९९९ मध्ये ‘एनेबल इंडिया’ ही संस्था स्थापन केली. शांती यांच्या धाकट्या भावाची दृष्टी हळूहळू मंदावत गेली. त्यास पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे करताना आलेल्या अनुभवातून हे कार्य उभे राहिले. दिव्यांगांना संगणकाचे प्रशिक्षण देणे आणि उद्योगांत त्यांच्यासाठी रोजगार मिळविणे हे संस्थेचे प्रमुख काम. कर्मचारी कितीही कुशल असला, तरी कार्यालयाची अंतर्गत प्रणाली स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल तर त्याचे हात बांधले जातात. ग्राहकाच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

याच शहरातील ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ ही संस्था २००८ पासून कार्यरत आहे. तिने सुमारे ७,८०० सरकारी संकेतस्थळांची तपासणी करून २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. जी स्थळे उघडली, त्यांतील बहुतेकांत सुगम्यतेच्या दृष्टीने त्रुटी आढळल्या. पुढील वर्षी, २०१३ मध्ये, केंद्र सरकारने सार्वत्रिक इलेक्ट्रॉनिक सुगम्यतेविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

संधी मिळाल्यास काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, मुंबईच्या आय.आय.टी.तून पुढील शिक्षण आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. गणिती मजकूर ऐकवणारी प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २००५ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले आणि दृष्टिहीनांस उपयुक्त अशा संशोधनात अग्रभागी राहिले.

अडथळे कोणते व उपाय काय?

या विषयाची प्रमाणके ‘वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. संकेतस्थळ जाणवण्याजोगे, हाताळण्याजोगे, समजण्याजोगे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारे असावे, ही त्यांची चार सूत्रे होत. व्यावसायिकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे सांगता येईल :

• प्रत्येक अर्थपूर्ण चित्रास शब्दांत वर्णन द्यावे. ‘चित्र क्रमांक ४’ यापेक्षा ‘हिरवी पैठणी, मोराचा पदर’ हे ग्राहकास उपयोगी पडते.

• अर्जातील प्रत्येक रकान्यास नाव जोडावे. चूक झाल्यास रकाना केवळ लाल न करता कोणती चूक झाली ते शब्दांत सांगावे. रंगांधळ्या ग्राहकासही याचा लाभ होतो.

• सर्व व्यवहार माऊसविना, केवळ कळफलकावर पूर्ण होईल असे पाहावे. ज्यांचे हात थरथरतात वा ज्यांना माऊस धरता येत नाही, अशांसाठी हे अत्यावश्यक आहे.

• अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ज्येष्ठ नागरिकांसही वाचवत नाहीत.

• ध्वनिचित्रफितींना शब्दपट्टी द्यावी आणि चौकशीसाठी दूरध्वनीखेरीज लेखी मार्गही ठेवावा. कर्णबधिर ग्राहकास केवळ दूरध्वनी क्रमांक निरुपयोगी असतो.

• वाकडीतिकडी अक्षरे ओळखावयास लावणाऱ्या परीक्षेस पर्याय असावा, आणि वेळेची मर्यादा असल्यास ती वाढवून घेण्याची सोय असावी.

मराठी संकेतस्थळांबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी मागे रोमन अक्षरांचे संकेत असतात. स्क्रीन रीडर ते निरर्थक अक्षरांच्या रूपात वाचतो. यास्तव मजकूर युनिकोडमध्येच असावा. तसेच पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद रचनेत करावी, म्हणजे योग्य आवाज व उच्चार निवडला जातो. सवलतींची जाहिरात केवळ चित्ररूपाने टाकण्याची सवय मोडली, तर उत्तमच.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक, तर कर्नाटकात १३ लाखांहून अधिक होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील सुगम्यतेच्या तरतुदी सरकारी संस्थांप्रमाणेच खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहेत. अधिनियमाच्या पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुढील उल्लंघनास पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय बँकांच्या ग्राहकांशी थेट निगडित आहे. आम्लहल्ल्यात चेहऱ्यास व डोळ्यांस इजा झालेल्या व्यक्तींना, तसेच दृष्टिहीनांना, ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट पूर्ण करता येत नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि केवायसीची प्रक्रिया सुगम्य करण्यासाठी वीस निर्देश दिले.

आरंभ कोठून करावा?

घर बांधतानाच उतार ठेवला, तर पुढे पायऱ्या फोडाव्या लागत नाहीत. संकेतस्थळाचेही तसेच आहे. ते तयार करवून घेतानाच करारात सुगम्यतेची अट लिहून घ्यावी आणि दिव्यांग व्यक्तींकडून चाचणी झाल्यावरच काम ताब्यात घ्यावे. अक्षरे लहानमोठी करणारे तयार बटण बसविले म्हणजे काम झाले, असा समज करून घेऊ नये. मूळ रचना सदोष असेल, तर त्या बटणाने ती सुधारत नाही.

पहिली परीक्षा तर आजच घेता येईल. माऊस बाजूला ठेवून, केवळ टॅब व एंटर या कळा वापरून आपल्याच संकेतस्थळावर एक वस्तू खरेदी करून पाहावी. नंतर भ्रमणध्वनीवरील स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून तोच व्यवहार पुन्हा करावा. जेथे अडखळायला होईल, तेथे दुरुस्तीची पहिली खूण करावी. ती दुरुस्ती झाली, की वाढदिवसाची पुस्तके मागवणाऱ्या त्या गृहस्थांना शेजाऱ्याला हाक मारावी लागणार नाही आणि त्यांचा ओटीपी त्यांच्यापाशीच राहील.