डोकं जर्मनीचं, धड फ्रान्सचं

लिस्बनमध्ये प्रासा दा फिगेइरा नावाच्या चौकात बाहुल्यांचा दवाखाना आहे, सन १८३० पासूनचा. कार्लोटा नावाची एक बाई तिथे वाळवलेला औषधी पाला विकायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चिंध्यांच्या बाहुल्या शिवत बसायची. बाजाराला आलेल्या बायकांच्या मुली तिच्याभोवती जमायच्या. मग कुणी हात तुटलेली, कुणी पोट फाटलेली बाहुली तिच्यापुढे करायचं, आणि असं करता करता पाल्याच्या दुकानाचा दवाखाना झाला, अशी त्याची कुळकथा सांगतात. न्यूयॉर्कचा दवाखाना १९०० सालचा. तोही आडवाटेनेच सुरू झाला. मूळ धंदा केशभूषेचा. आया केस करून घेत बसल्या की मुली कंटाळायच्या, तेव्हा त्यांच्या बाहुल्यांचेही केस नीट करून द्यावेत, एवढीच कल्पना होती. पुढे केस राहिले बाजूला आणि हातपाय, डोळे हेच मुख्य काम होऊन बसलं. अर्व्हिंग चेस हे त्या घराण्यातले शेवटचे ‘डॉक्टर’. २००९ मध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी गेले. सिडनीचा दवाखाना १९१३ सालचा.

या दोनशे वर्षांत बाहुल्या बदलल्या, हे सांगायला नको. पण बाहुली दुरुस्त करणं म्हणजे काय करणं, हेही या काळात पार उलटं झालं. पूर्वी मोडलेलं कुठे होतं ते ओळखू आलं नाही की कारागिराला शाबासकी मिळायची. आज तोच कारागीर जुनी बाहुली हातात घेतो तेव्हा तिला कुठे हात लावायचा नाही, हे आधी ठरवतो. आणि त्याचा निम्मा वेळ त्याच्या आजोबांनी केलेली दुरुस्ती उतरवण्यात जातो.

बाहुल्यांच्या धंद्याचं माहेर जर्मनीत, थुरिंगिया प्रांतात. झोनेबर्ग गावात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कागदाच्या लगद्याची डोकी साच्यात दाबून काढत. पुढे १८४० च्या सुमारास झिलईदार चिनी मातीची डोकी आली. मग आलं बिस्क, म्हणजे झिलई न चढवलेली, त्वचेसारखी मंद दिसणारी चिनी माती. साच्यातून काढलेलं डोकं कडक भट्टीत भाजायचं, मग गालांवरची लाली, ओठ, भुवया आणि पापण्यांच्या एकेक रेघा रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजायचं. असा रंग मातीशी एकजीव होतो, शंभर वर्षांत पुसला जात नाही. उलट दुरुस्तीवाल्याने ब्रशने लावलेला रंग कधीच एकजीव होत नाही, तो नुसता वर बसून राहतो. पुढच्या साऱ्या भानगडींचं मूळ या एका फरकात आहे.

त्या काळी मात्र भानगड कुणाला वाटत नव्हती. डोकं फुटलं तर नवं बसवायचं, कारण डोकी सुटी मिळत. झोनेबर्ग आणि आसपासच्या गावांतून डोकी, हात, केसांचे टोप पेट्या भरभरून परदेशी जात आणि शेजारच्या लाउशा गावातून फुंकून केलेले काचेचे डोळे. आर्मांड मार्सेय या कारखान्याचा ३९० क्रमांकाचा साचा इतका चालला की मानेमागे तो आकडा असलेली डोकी आजही जुन्या बाजारात सर्रास सापडतात. एका बाहुलीचं धड आणि दुसरीचं डोकं असा संसार दवाखान्यांनी हजारोंनी लावून दिला. आजच्या संग्राहकाला असा संसार खपत नाही, तो लगेच किंमत पाडतो. गंमत अशी की कारखानेही तेच करत होते. ग्रेफेनहाइनची झिमोन अँड हालबिग ही जर्मन कंपनी फ्रेंच कारखान्यांना डोकी पुरवायची, आणि त्यांत खुद्द झुमोही आला. हा झुमो म्हणजे फ्रेंच बाहुल्यांचा मुकुटमणी, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलेला. म्हणजे पॅरिसहून आलेल्या, जन्मापासून कुणी हात न लावलेल्या बाहुलीचंही डोकं जर्मनीचं आणि धड फ्रान्सचं असू शकतं. ‘अस्सल’ म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

या बाहुल्यांच्या पोटात काय आहे ते एकदा उघडून पाहावं. लाकडाचा भुसा, सरस आणि लगदा यांचं पोकळ धड. कोपर, गुडघे, खांदे यांच्या जागी लाकडी गोळे. या सगळ्याला धरून ठेवतं ते आतून ओवलेलं इलॅस्टिक. एक फेरा एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जातो, दुसरा दोन्ही पायांतून वर येऊन मानेतल्या आकड्याला अडकतो. इलॅस्टिक वीस-तीस वर्षांत सैल पडतं, पाय लोंबतात, मान डुगडुगते. ते बदलणं हे दवाखान्यातलं सगळ्यात नेहमीचं काम, आणि नवशिक्याची सगळ्यात मोठी चूकही इथेच होते. बाहुली ताठ उभी राहावी म्हणून तो ताण जास्त देतो, मानेची चिनी माती धडाच्या वाटीवर करकचून दाबली जाते आणि एक दिवस तिला तडा जातो. जाणता माणूस त्या वाटीत आधी पातळ मऊ चामड्याचं अस्तर लावतो.

डोळ्यांचा प्रकार तर आणखी नाजूक. आडवं केलं की डोळे मिटणाऱ्या बाहुलीच्या डोक्यात दोन्ही डोळे एकाच पट्टीला जोडलेले असतात, मागे शिशाचं वजन लोंबत असतं आणि सगळा डोलारा प्लास्टरच्या दोन ठिपक्यांवर डोलतो. प्लास्टर सुटलं की डोळे डोक्यात पडतात. बाहुली हलवली की आत काहीतरी खडखडतं ते हेच.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मनीची आवक बंद पडली. जपानमधल्या मोरिमुरा बंधूंनी त्या संधीत बिस्क डोकी काढून अमेरिकेत पाठवली, इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या कुंभारांनीही हात मारून पाहिला. जर्मन सफाई कुणालाच जमली नाही. दरम्यान अमेरिकेत भुसा-सरसाच्या लगद्याचीच डोकीही होऊ लागली होती आणि त्यांची जाहिरात ‘न फुटणारी’ अशी चालायची. फुटली नाहीत, हे खरं. पण लगदा दमट हवेत फुगतो, वरचा रंगाचा थर फुगत नाही, मग चेहऱ्यावर बारीक भेगांचं जाळं पसरतं. बालनटी शर्ली टेंपलच्या रूपाच्या, १९३४ मध्ये निघालेल्या बाहुल्यांतली बिनभेगांची आज शोधावी लागते. यावरचा जुना इलाज म्हणजे चेहरा पॉलिश पेपरने घासायचा आणि फवाऱ्याने रंग मारायचा. मुलगी खूश व्हायची. पण शर्ली टेंपल मात्र त्या रंगाखाली गेलेली असायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाहुलीचा मालक बदलला. अमेरिकेत १९४९ मध्ये बाहुली मंडळांचा महासंघ स्थापन झाला, त्यानंतरच्या दशकांत संग्राहकांचे कोश निघाले, लिलाव भरू लागले. बाहुली मुलीच्या हातातून प्रौढ माणसाच्या कपाटात गेली. लंडनला २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात कॅमर अँड राइनहार्ट या जर्मन कंपनीची एक बाहुली २,४२,५०० पौंडांना गेली. जिथे केसाएवढ्या तड्याने किंमत निम्म्यावर येते, तिथे तडे लपवणारे हात तयार होणारच. युद्धानंतर बाजारात आलेलं इपॉक्सी त्यांच्या कामी आलं. तडा भरायचा, घासायचा, एअरब्रशने अख्ख्या गालावर रंग चढवायचा, वर मॅट वॉर्निश. काही वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग इपॉक्सी पिवळं पडतं आणि पोरीच्या कपाळावर काविळीचा पट्टा उमटतो. गिऱ्हाईकही तोवर शहाणं झालं. टोप काढून डोक्यात छोटा दिवा लावला की तडा काळ्या रेषेसारखा दिसतो, आणि अतिनील दिव्याखाली वरचा रंग वेगळा उठून येतो. नवा रंग देऊन डोकं पुन्हा भट्टीत घालणारेही झाले. शंभर वर्षांचा मळ आणि जुना सरस मातीच्या छिद्रांत असतो, भट्टीत तो काळे ठिपके होऊन वर येतो. तो मग जन्मात जात नाही.

मला विचाराल तर बाहुलीला हात कमी लावायचा हा नवा दंडक सदसद्विवेकापेक्षा या फसवणुकीतून जास्त आला. संग्रहालयांतल्या जतनकारांनी त्याला शास्त्राची बैठक दिली, ती नंतर. केलेलं उद्या काढता आलं पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून इपॉक्सीच्या जागी पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ आली. ती ॲसिटोनमध्ये विरघळते, पुन्हा ॲसिटोन लावलं की निघते, आणि सहसा पिवळी पडत नाही. रंग लावायचा तो तेवढ्या खपलीपुरता, शेजारच्या अस्सल रंगावर ब्रशचं टोकही जाऊ द्यायचं नाही. चेहऱ्यावरचा मळ काढायला जतनकार कापसाच्या काडीला स्वतःची थुंकी लावतात. हसू नका, लाळेतली विकरं साबणापेक्षा हलक्या हाताने मळ सोडवतात. चामड्याच्या धडाला भोक पडून भुसा गळत असेल, तर ठिगळाला जुने मऊ हातमोजे कापून वापरतात. नव्या चामड्याचा ताण जुन्याला फाडतो.

काही गोष्टींपुढे मात्र कुणाचंच काही चालत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशमाला वजन यावं म्हणून व्यापारी ते कथिलाच्या क्षारांत बुडवत, कारण रेशीम वजनावर विकलं जाई. त्या रेशमाचे बाहुल्यांचे झगे आज घडीघडीवर चिरतात. शिवायला जावं तर सुईच्या भोकापासून नवी चीर निघते. फार तर पातळ जाळीचा आधार देता येतो.

कचकड्याच्या बाहुलीचं दुखणं याहून वाईट. जर्मनीत मानहाइमच्या कासव छापाच्या कारखान्याने १८९६ मध्ये कचकड्याची बाहुली काढली. पुढे जपानने हा धंदा उचलला, कारण कचकड्याला लागणारा कापूर त्यांच्या ताब्यातल्या फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, पिकत होता. आपल्या आज्यांच्या आठवणीतल्या, गुलाबी गालांच्या, दाबलं की पोचा पडणाऱ्या बाहुल्या त्याच जातीच्या. कचकडं म्हणजे नायट्रेट केलेला सेल्युलोज. ते झटकन पेट घेतं, आणि न पेटताही हळूहळू विघटतं. तेव्हा निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शेजारच्या बाहुलीला, तिच्या धातूच्या आकड्याला, कापडालाही खातात. उष्णता आणि दमटपणा दोन्ही त्याला वैरी. मुंबई-कोकणची हवा म्हणजे दोन्ही एकदम. यावर औषध नाही, फक्त विलगीकरण आहे.

दुरुस्तीची एक वेगळी परंपरा जपानात दिसते. १९२७ मध्ये सिडनी गुलिक या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने बारा हजारांहून अधिक बाहुल्या हिनामात्सुरी या बाहुल्यांच्या सणासाठी जपानी शाळांना भेट गेल्या. उलट भेट म्हणून जपानने त्याच वर्षी ५८ मोठ्या बाहुल्या अमेरिकेला पाठवल्या, सगळ्या कुशल कारागिरांकडून घडवलेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर गोफुन, म्हणजे शिंपल्यांची पूड आणि प्राणिज सरस यांचे थरावर थर दिलेले असतात. ओलं फडकं फिरवलं की सरस सुटतो आणि चेहराच फडक्यावर येतो. युद्धात जपानमधल्या अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या म्हणून मोठ्या प्रमाणावर जाळल्या गेल्या, शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी लपवलेल्या तीनशेच्या आसपास उरल्या. अमेरिकेतल्या जपानी बाहुल्यांपैकी अनेक संग्रहालयांच्या गोदामांत गेल्या, काहींच्या नावांची अदलाबदल झाली. गेल्या काही दशकांत त्यांतल्या कित्येक दुरुस्तीसाठी तोक्योच्या योशितोकु या जुन्या बाहुलीघराकडे गेल्या. तिथले कारागीर गोफुनचा नवा थर देतात, कारण त्यांच्या लेखी ती परंपरा आजही चालू आहे. पाश्चात्त्य जतनकार यावर कुरकुरेल. माझं मत कारागिराच्या बाजूने पडतं. मूळ बाहुली ज्या हातांनी आणि ज्या मसाल्याने घडली, तेच हात आणि तोच मसाला उपलब्ध असेल तर भेग तशीच ठेवण्यात मोठेपणा कसला?

आता तर १९५९ च्या बार्बीही पुराणवस्तू झाल्या आहेत. त्यांच्या कानांतल्या तांबेमिश्रित डुलांचा विनाइलशी संयोग होऊन कान हिरवे पडतात. त्यावर संग्राहक मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून ठेवतात. हिरवं जातं, पण काही वर्षांनी तिथे पांढरा डाग उठतो. म्हणजे हा गोंधळही पुढच्या पिढीने निस्तरायचाच आहे.

तुमच्या घरी ट्रंकेत किंवा काचेच्या कपाटात अशी एखादी बाहुली असेल, तर तिला धुऊ नका, रंगवू नका, फेव्हिक्विक तर अजिबात लावू नका. कचकड्याची असेल तर इतरांपासून वेगळी, हवा लागेल अशी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका आणि जवळ डांबराच्या गोळ्या टाकू नका. डोळे मिटणारी असेल तर पालथी झोपवा, म्हणजे शिशाचा भार प्लास्टरवर येणार नाही. निघालेला प्रत्येक तुकडा, मग तो नखाएवढा का असेना, पाकिटात घालून तिच्याजवळच ठेवा. आणि त्याच पाकिटावर ती कुणाची होती आणि कुठल्या साली घरात आली, तेही लिहा. हे सांगणारं माणूस घरात आहे तोवरच लिहून घ्या.