अथेना स्वान सनद
ब्रिटनमध्ये 2005 साली सुरू झालेली ‘अथेना स्वान’ सनद, म्हणजे विद्यापीठांनी स्वेच्छेने स्वीकारलेली स्त्री-पुरुष समानतेची जाहीर बांधिलकी, आरंभी विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांपुरती होती. 2015 मध्ये ती मानव्यविद्या आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांपर्यंत विस्तारली. विभागाने नेमणुका, बढत्या, प्रसूती रजा, इतकेच नव्हे तर बैठकांच्या वेळाही (सायंकाळी उशिराची बैठक लहान मुले असलेल्यांना आपोआप वगळते) तपासून कृती आराखडा सादर केला, की कांस्य, रौप्य वा सुवर्ण श्रेणीसाठी त्याचे मूल्यमापन होते. 2011 मध्ये काही वैद्यकीय संशोधन निधीला रौप्य श्रेणीची अट जोडली गेल्यावर विभाग खडबडून जागे झाले. 2020 मध्ये कागदोपत्री भार कमी करण्यासाठी ती अट काढण्यात आली. हा भार अनेक ठिकाणी स्त्रियांनीच वाहिला, ही या योजनेतील मोठी विसंगती होय.