दाब, प्रवाह आणि रोध : गावच्या विजेचे गणित

परळी वैजनाथ हे मराठवाड्यातील एक प्राचीन तीर्थक्षेत्र होय. १९७१ मध्ये येथे प्रत्येकी ३० मेगावॉट क्षमतेचे दोन औष्णिक संच सुरू झाले आणि या क्षेत्राला वीजनिर्मितीचे केंद्र अशी नवी ओळख लाभली. ते जुने संच आता निवृत्त झाले असून, आज येथे महानिर्मिती कंपनीचे प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. या विजेसाठी कोळसा लागतो, तसेच विपुल पाणीही लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी येथील निर्मिती बंद ठेवावी लागली होती. इतक्या सायासाने निर्माण होणाऱ्या विजेचा काही भाग मात्र वाटेतील तारांतच उष्णतेच्या रूपाने नाहीसा होतो. त्याची झळ वाहिनीच्या टोकावरील गावाला अधिक बसते. तेथे सायंकाळी दिवे मंदावतात, पाणीपुरवठ्याच्या पंपाची मोटार जळते आणि दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीला सोसावा लागतो. असे का घडते, हे समजण्यास शालेय गणित पुरेसे आहे.

तीन राशी, एक नियम

उंचावरील टाकीतून नळाने पाणी खाली येते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. नळ जितका लांब व अरुंद, तितका अडथळा अधिक. विजेचेही बरेचसे असेच आहे. तिचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि तारेचा अडथळा, म्हणजेच रोध, ओहममध्ये मोजतात. या तिन्हींचा संबंध जर्मनीतील गेऑर्ग सायमन ओहम या शिक्षकाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. तो असा :

रोध = दाब ÷ प्रवाह

विजेची शक्ती वॉटमध्ये मोजतात. तिचे सूत्रही तितकेच सोपे आहे :

शक्ती = दाब × प्रवाह

समजा, २३० व्होल्ट दाबावर विजेची एक शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम झाला. तिची शक्ती २३० गुणिले ५, म्हणजे १,१५० वॉट झाली. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. त्या हिशेबाने ही शेगडी तासाला १.१५ युनिट वीज घेईल.

आता दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला असे मानू. शेगडीचा रोध जवळपास तोच राहतो. म्हणून प्रवाह १८४ भागिले ४६, म्हणजे ४ अँपिअर होतो आणि शक्ती केवळ ७३६ वॉट उरते. दाब २० टक्क्यांनी घटला, पण उष्णता ३६ टक्क्यांनी घटली. दाबाबरोबर प्रवाहही कमी झाल्याचा हा परिणाम होय.

तारांतील नासाडी

वाहिनीच्या तारेलाही रोध असतो. तिच्यात वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. प्रवाह दुप्पट झाला, तर नासाडी चौपट होते.

समजा, जाऊन येऊन एक ओहम रोध असलेल्या तारांतून १० किलोवॉट वीज पाठवावयाची आहे. २३० व्होल्ट दाबाने पाठविल्यास प्रवाह सुमारे ४३.५ अँपिअर होईल आणि जवळजवळ १,८९० वॉट तारांतच खर्ची पडतील. टोकाशी दाब १८६ व्होल्टच्या आसपास उरेल. तीच वीज ११ हजार व्होल्टने पाठविली, तर प्रवाह एक अँपिअरपेक्षाही कमी असेल आणि नासाडी एक वॉटदेखील होणार नाही. म्हणूनच वीज दूर अंतरावर ४०० किंवा २२० किलोव्होल्टने नेतात, टप्प्याटप्प्याने दाब उतरवितात आणि गावातील रोहित्रावर तो वापरायोग्य करतात. रोहित्रापुढील कमी दाबाची वाहिनी जितकी लांब, तितकी नासाडी अधिक. महावितरणने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी हाती घेतलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीमागे हेच तत्त्व आहे.

मोटार का जळते?

मोटारीची गोष्ट शेगडीहून निराळी आहे. पाणी उचलण्याचे काम तेवढेच राहते; म्हणून दाब उतरला की मोटार अधिक प्रवाह ओढते. ४०० व्होल्टवर ८ अँपिअर घेणारी तीन फेजची मोटार ३२० व्होल्टवर सुमारे १० अँपिअर घेईल. प्रवाह सव्वापट होताच वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. अशा स्थितीत मोटार तासन् तास चालली, तर तारेवरील आवरण करपते. बांधणीतील दोष नसतानाही मोटारी वारंवार जळतात, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

परवानाधारक तारतंत्रीकडून पंप चालू असताना दाब व प्रवाह मोजून घ्यावा आणि दिनांक व वेळेसह नोंदवहीत लिहून ठेवावा. ही मोजणी इतर कोणी करू नये. मोटारीवरील पट्टीवर लिहिलेल्या प्रवाहापेक्षा नोंद अधिक आल्यास पंप थांबवून कारण शोधावे. स्टार्टरमधील अतिभार संरक्षक त्याच पट्टीनुसार लावलेला असावा. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविल्यास वाहिनीतील प्रवाह घटतो. सैल सांध्यांकडेही लक्ष द्यावे. अर्ध्या ओहमचा सैल सांधा १० अँपिअर प्रवाहाने ५० वॉट उष्णता निर्माण करतो आणि एखाद्या दिवशी जळून जातो.

कमी दाबाच्या पुरवठ्यात घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांपर्यंतचा फरक नियमांना मान्य आहे. २३० व्होल्टच्या बाबतीत ही खालची मर्यादा सुमारे २१६ व्होल्ट येते. "वीज मंद आहे" अशा मोघम तक्रारीपेक्षा आठ दिवसांच्या नोंदी जोडलेला अर्ज अधिक परिणामकारक ठरतो. रोहित्राची क्षमता वाढवावयाची, की वाहिनीची लांबी कमी करावयाची, याचा निर्णय अभियंत्यांना अशा आकड्यांवरूनच घेता येतो. शिक्षकांनी या नोंदी वर्गातील उदाहरणांसाठी घेतल्या, तर भागाकार-गुणाकाराचा उपयोग विद्यार्थ्यांना गावच्या नळावरच दिसेल.