पेपर टाकण्याआधी

२०१७ च्या जुलैमध्ये एक ध्वनिफीत देशभर फिरली. टेक महिंद्राच्या एचआर विभागातली एक महिला एका कर्मचाऱ्याला फोनवर सांगत होती की, उद्या सकाळी दहाच्या आत राजीनामा दे. दिला नाहीस तर कंपनी तुला काढून टाकेल. तो वेळ मागत होता, वरच्या कोणाशी तरी बोलू द्या म्हणत होता. फीत गाजल्यावर आनंद महिंद्रांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली आणि असे पुन्हा होणार नाही, असे सांगितले.

माफी आली, पण त्या कर्मचाऱ्यापुढे टाकलेला पेच तसाच राहिला. आयटी पार्कमधल्या अभियंत्यापासून तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेपर्यंत अनेकांवर ही वेळ येते. महिनोन्‌महिने वरिष्ठांचा जाच सोसलेला असतो, झोप उडालेली असते, आणि एक दिवस समोर कागद येतो. आपणहून पेपर टाकायचे की ‘काढा’ म्हणून बसून राहायचे? घरचे बहुधा राजीनाम्याच्या बाजूने असतात. ‘नोकरी सोडली’ हे चार लोकांत सांगता येते, ‘काढून टाकले’ हे सांगवत नाही. अब्रूची ही भीती खरी आहे. पण कंपनीचे पहिले शस्त्रही तीच आहे, आणि म्हणून या निर्णयात तिला शेवटची जागा द्यायला हवी.

मुळात मालकाला राजीनामाच का हवा असतो? कामगाराला कमी करायचे तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. गैरवर्तनासाठी काढायचे तर आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी, साक्षीदार, उलटतपासणी हे सगळे करावे लागते. त्यातली एखादी पायरी गाळली, तर पुढे न्यायालयात जाब द्यावा लागतो. राजीनामा आला की यातले काहीच उरत नाही. माणूस आपल्या मर्जीने गेला, विषय संपला.

फ्रान्समध्ये हा हिशेब एका कंपनीने फार मोठ्या प्रमाणावर मांडला. फ्रान्स टेलिकॉमने २००६ पासून तीन वर्षांत सुमारे १,२०,००० पैकी २२,००० माणसे कमी करायचे ठरवले. बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरांचा दर्जा असल्याने त्यांना काढता येत नव्हते. मग लोक आपणहून जातील असे वातावरण तयार करण्यात आले. घरापासून दूर बदल्या, वर्षानुवर्षे केलेले काम काढून घेणे, तंत्रज्ञाला कॉल सेंटरवर बसवणे. लोक दारातून जावोत की खिडकीतून, पण जाणार, अशा अर्थाचे वाक्य तेव्हाचे प्रमुख दिदिए लोंबार बैठकीत बोलून गेले होते. पुढे कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या. खटल्यात ३९ जणांची प्रकरणे तपासली गेली, त्यांपैकी १९ जणांनी जीव दिला होता. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने लोंबार आणि इतर अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. संपूर्ण धोरण म्हणून राबवलेला छळ हाही गुन्हाच, हे तत्त्व फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम केले.

आपल्याकडे असा कायदा नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे. पण साहेबाने सगळ्यांसमोर रोज पाणउतारा केला, बैठकीचे निमंत्रणच पाठवले नाही, संध्याकाळी सहाला उद्या सकाळचे काम अंगावर टाकले, किंवा चार वर्षे उत्तम शेरे मिळवलेल्या माणसाला अचानक तळाचे रेटिंग देऊन पीआयपीवर (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीवर) टाकले, तर ‘छळ’ म्हणून थेट दाद मागायला स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रातल्या कामगारांना मात्र १९७१ च्या एका कायद्याचा आधार राहिला आहे. अनुचित कामगार प्रथांची यादीच या कायद्यात आहे. सूडबुद्धीने काढणे, उघड खोट्या कारणासाठी काढणे, रजेशिवाय गैरहजर असल्याचा बनाव करून काढणे, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, हे सारे त्या यादीत येते. वकिलांच्या भाषेत ‘यूएलपी टाकणे’ म्हणतात ते हेच. तक्रारीची मुदत ९० दिवसांची.

हे संरक्षण प्रत्येकाला नाही, आणि सल्ला देणारे नेमके इथेच चुकतात. पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह’ असले तरी प्रत्यक्ष काम कारकुनी किंवा तांत्रिक असेल, तर तो माणूस कायद्याने कामगार ठरू शकतो. न्यायालये पाटी बघत नाहीत, काम बघतात. देखरेखीचे काम करणाऱ्यासाठी पगाराची मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दरमहा १८,००० रुपये आहे. खरोखर व्यवस्थापक असलेल्याची गोष्ट वेगळी. खासगी नोकरीचा करार न्यायालय सहसा बळजबरीने पाळायला लावत नाही. त्यामुळे त्याला पुन्हा खुर्ची मिळण्याची आशा फार थोडी, मिळालीच तर नोटीस काळाच्या पगाराएवढी भरपाई. कामगाराने राजीनामा न देता थांबावे, असे बहुतेक प्रकरणांत ठामपणे म्हणता येते. व्यवस्थापकाने मात्र थांबण्यापेक्षा घासाघीस करावी. दोन-चार महिन्यांचा पगार, स्वच्छ रिलीव्हिंग लेटर आणि पुढच्या कंपनीने चौकशी केल्यास काय सांगायचे याचा लेखी मजकूर, एवढे मागण्याइतका जोर त्याची सही होईपर्यंतच असतो.

पैशांबद्दल गैरसमज बरेच. भविष्य निर्वाह निधी राजीनाम्याने बुडत नाही आणि बडतर्फीनेही नाही. पाच वर्षे सेवा झाली असेल तर राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. हिशेब चुकता करायला नव्या वेतन संहितेत दोन कामाच्या दिवसांची मुदत आहे, मग माणूस राजीनामा देऊन जावो की काढलेला असो. पण बडतर्फीची वाट पाहणे बिनधोक नाही, हेही सांगायला हवे. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचे कृत्य यांसाठी काढले तर ग्रॅच्युइटी अंशतः किंवा पूर्ण रोखता येते, आणि त्यासाठी फौजदारी न्यायालयाची शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले. त्याच निकालात तिकिटाच्या पैशांचा अपहार केलेल्या एसटी वाहकांच्या बाबतीत ही कपात २५ टक्क्यांपुरतीच ठेवली गेली. म्हणजे समोर आलेल्या आरोपपत्रात नेमके कोणते कलम लावले आहे, यावर खूप काही ठरते.

सरकारी नोकराने तर रागाच्या भरात राजीनामा मुळीच देऊ नये. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे राजीनाम्याने आधीची सगळी सेवा बाद होते, तिच्याबरोबर पेन्शनही. वीस वर्षे झाली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. पैशांच्या दृष्टीने या दोन अर्जांत आयुष्याचा फरक आहे.

खासगी शाळांच्या बाबतीत महाराष्ट्राचे विधिमंडळ मुळापर्यंत गेले होते. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची आणि शिक्षक नकोसा झाला की तारीख घालून कागद बाहेर काढायचा, हा संस्थाचालकांचा जुना उद्योग. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ७ ने त्यावर अगदी साधा उपाय केला. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. राजीनामा द्यायला पोस्टात जाऊन रांगेत उभे राहावे लागते, पावतीवर तारखेचा शिक्का पडतो. संस्थेच्या कार्यालयात चार जणांनी घेरून घेतलेल्या सहीला हा शिक्का कुठून येणार? ही पद्धत पाळलेली नाही म्हणून राजीनामे न्यायालयात टिकले नाहीत, अशी उदाहरणे आहेत. अशा शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, मुदत फक्त ३० दिवस. इतकी सोपी तरतूद बाकीच्या खासगी नोकऱ्यांना कधीच लागू झाली नाही, याचे वाईट वाटते.

कारण तिकडे राजीनामा होतो बंद खोलीत. एचआरचे दोघे, टेबलावर उघडा लॅपटॉप, पोर्टलवर राजीनाम्याचे पान आधीच उघडलेले. कारणाच्या रकान्यात निवडायला दोन-चार तयार पर्याय, त्यांत ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ आणि ‘पर्सनल रीझन्स’ हमखास. ‘साहेबांनी वर्षभर छळले’ हा पर्याय नसतो. त्या खोलीत म्हणण्यासारखे वाक्य एकच आहे: विचार करून लेखी कळवतो. मग त्याच दिवशी ईमेल करावा. किती वाजता बोलावले, कोण हजर होते, काय सांगितले, आणि आपली राजीनामा देण्याची इच्छा नाही. दबावाखाली सही झालीच असेल, तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसे लिहून कळवावे. राजीनामा जबरदस्तीने घेतला, हे सिद्ध करायचे ओझे सही करणाऱ्यावर पडते. पूर्ण हिशेब घेऊन सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीवर विश्वास बसणे अवघड. पुरावे जमवतानाही जपून राहावे. कंपनीच्या गोपनीय फायली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवल्या, तर तेच गैरवर्तन म्हणून अंगावर शेकते.

रागात लिहिलेले पत्रही घात करते. अलाहाबादच्या एका रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना निलंबित केले गेले. त्यांनी उत्तरात लिहिले की हा आदेश अन्यायाचा आहे, आणि माझे म्हणणे मान्य नसेल तर राजीनामा देण्याखेरीज मला मार्ग नाही. रुग्णालयाने लगेच ‘राजीनामा’ मंजूर करून टाकला. हे पत्र राजीनामा नव्हतेच, नोकरी सोडण्याचा स्पष्ट हेतू त्यात दिसत नाही, असा निकाल त्यांना मिळाला खरा. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

दिलेला राजीनामा मागेही घेता येतो, तो मंजूर होऊन तसे कळवले जाईपर्यंत. कोकण रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने २३ वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये मागे घेतला. एप्रिलमध्येच तो मंजूर केला होता, असे रेल्वेचे म्हणणे. पण मंजुरीचे पत्र त्या माणसाला पोचल्याचा पुरावा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला कामावर परत घ्यायला सांगितले आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यायला लावला. दहा वर्षे गेली.

दहा वर्षे लढण्याची ताकद सगळ्यांकडे नसते, आणि नसली तर त्यात कमीपणा नाही. सकाळी ऑफिसच्या लिफ्टपाशी छातीत धडधड सुरू होत असेल, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल, मरणाचे विचार मनात डोकावत असतील, तर डॉक्टरांकडे जाणे हे पहिले काम. वैद्यकीय रजा हा राजीनामा आणि बडतर्फी यांच्या मधला रस्ता आहे. जाचाखाली असलेल्या माणसाला तो बहुधा आठवत नाही, म्हणून घरच्यांनी आठवण करून द्यावी. दोन-तीन आठवडे झोप मिळाली की तोच कागद वेगळा दिसतो. त्यानंतरही जावेसे वाटले तर जरूर जावे. पत्रात मात्र ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नये. अमुक तारखेला तक्रार केली, तिची दखल घेतली गेली नाही, प्रकृतीवर परिणाम झाला, म्हणून नाइलाजाने जात आहे, एवढ्या तीन-चार ओळी पुरतात. पत्राची पोच घ्यावी आणि ९० दिवस किंवा ३० दिवस, जी आपली मुदत असेल ती संपायच्या आत कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला ते दाखवावे.